सुरतचं म्युझियम आणि पाहायची मुलगी

नव्वदच्या दशकात मी सुरतला मुलगी पाहायला गेलो होतो, असं घरचे सांगतात. मला खरं तर तिथलं कलासंग्रहालय पाहायचं होतं. जळगावला मी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचो. त्यांनी त्या इमारतीचा फोटो दाखवल्यापासून ती डोक्यातून जात नव्हती. तेवढ्यात सुरतच्याच डिंडोली भागातलं स्थळ आलं. मी लगेच तयार झालो, आणि आईला माझं फार कौतुक वाटलं.

तुम्हीही भुसावळकडून गाडीनं जाणार असाल तर उधन्याला उतरा. तिथून डिंडोलीला रिक्षा मिळते. मुलीच्या, म्हणजे सुनंदाच्या घरी शेवभाजी अशी झणझणीत होती, की माझे मामा बोलणीच विसरले. सुनंदा मराठी शाळेत शिकवायची. दोघांना बोलू द्या, असं ठरल्यावर मी म्युझियम सुचवलं. सोबतीला तिची आत्या आली.

इमारत उंच खांबांवर उभी, खालून मोकळा वारा. वर जायला पायऱ्या नाहीत, लांबलचक उतार. उघड्या काँक्रीटवर साच्याच्या फळ्यांचे ठसे तसेच. मी भारावून समजावत होतो. आत्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"प्लास्टर करानं राही गये वाटस."

"मुद्दाम ठेवलंय तसं."

"बरं बरं," त्या माझी समजूत घालत म्हणाल्या आणि खांबांच्या गारव्यात बसल्या. "या तुम्ही फिरीसन."

वर छतातून उजेड झिरपत होता. सकाळीच जा, तेव्हा तो भिंतींवरून हळूहळू सरकताना दिसतो. सुनंदा काहीतरी बोलली आणि सगळं दालन घुमलं. घराशेजारी दिवसभर कापड विणायचे लूम चालायचे, तिला मोठ्यानं बोलायची सवय होती. ती हसली, मग हळू आवाजात म्हणाली, "एक तरी चित्र पाहिलंत?"

"नाही."

"आणि मला?"

मी छताकडची नजर खाली आणली.

"मी नोकरी सोडणार नाही. सुरतही नाही. घरात सगळ्यांसमोर हे बोलता येईना, म्हणून आले."

परतीच्या गाडीत मामा झोपले. मी मात्र जागा होतो, आणि इमारतीचा विचार करत नव्हतो.

घरी आईनं विचारलं, "कशी आहे?"

"आत शिरतानाच मोठा उतार—"

"अरे, मुलगी."

मग मी सांगितलं. ती इथे येणार नाही. तिला चालणार असेल तर मी तिकडे जाईन, काम शोधीन. जेवताना आईनं वडिलांना भाजी वाढली आणि म्हणाली, "सून आणायला पाठवला होता. हाच सासरी निघालाय."