कोरडी कॉइल

जनाबियातल्या त्या स्टोअरमधला जळक्या पुठ्ठ्याचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झाल्यावर मी बहरीनमध्ये व्हिलांच्या एका कंपाउंडचा सुरक्षा प्रमुख होतो. एका दुपारी कंपाउंडच्या सामानाच्या स्टोअरला आग लागली आणि ती विझवताना एका हेल्परचे दोन्ही हात भाजले. पोलिसांनी अपघाताची नोंद केली. निष्काळजीपणा कोणाचा, हे शोधायचं काम कंपनीने माझ्याकडे दिलं.

राखेत एक अर्धवट जळालेली ई-सिगारेट सापडली. आमच्याकडे भारतात या वस्तूवर बंदी. नोकरीत असताना जप्त मालात 'एक नग' असं लिहून आम्ही मोकळे व्हायचो, ती चालते कशी हे कोण बघतो!

संध्याकाळी चिपळूणकडचा स्टोअर क्लार्क स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "साहेब, ती माझी होती. चार्जिंगला लावली आणि विसरलो."

मॅनेजर खूश झाले. "खलास! व्हिसा कॅन्सल करू, पुढच्या फ्लाइटने घरी."

मला मात्र ते पटेना. न मागता मिळालेला कबुलीजबाब मी नेहमीच उलटसुलट करून पाहतो. त्यात त्याच्या खोलीत राहणाऱ्या ड्रायव्हरने माझ्या कानावर घातलं, "साहेब, हा उदबत्तीच्या धुराने पण खोकतो. हा कसला ओढतोय?"

मग मी सरळ हमद टाउनमधलं ई-सिगारेटचं दुकान गाठलं आणि जळकी वस्तू दुकानदारापुढे ठेवली. त्याने आतली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, काढून तिच्यावरचा आकडा वाचला आणि मान हलवली. कॉइलचा रोध जितका कमी, तितका ती बॅटरीतून जास्त करंट ओढते. म्हणून कमी ओहमची कॉइल बसवली की व्होल्टेज खाली आणावं लागतं. इथे कॉइल अगदी कमी ओहमची होती आणि व्होल्टेजची चकती सगळ्यात वरच्या आकड्याला टेकलेली. त्यात बटण आत अडकलं होतं. बॅटरी तापून पेटली, यात त्याला शंका नव्हती. जाता जाता त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. नवी कॉइल बसवताना आधी तिच्या कापसावर लिक्विडचे थेंब सोडायचे आणि तो भिजू द्यायचा. कोरडी ओढली तर जळका धूर असा घशात बसतो की माणूस जन्मात विसरत नाही.

तिथूनच मी एक नवा संच आणि सुटी कॉइल विकत घेतली.

दुसऱ्या दिवशी क्लार्कला ऑफिसात बोलावलं. स्टोअरचा सुपरवायझर साक्षीला हवाच होता. तो क्लार्कच्या बहिणीचा नवरा. दिवस भरत आले म्हणून ती बहीण सलमानियाच्या हॉस्पिटलात होती आणि तिचा फॅमिली व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता.

"तुझीच होती ना? मग ही कॉइल बसव आणि ओढून दाखव," मी म्हणालो.

क्लार्कने कॉइल कोरडीच फिरवून बसवली, टाकीत लिक्विड ओतलं आणि लगेच तोंडाला लावली.

"अरे, थांब! कापूस कोरडा आहे, घसा जळेल!" सुपरवायझर ओरडला आणि त्याचा हात धरला.

मी सुपरवायझरकडे नुसता बघत राहिलो. तो खाली बसला. "माझी होती, साहेब. मी वापरतो ती कॉइल दुकानात संपली होती, मिळाली ती बसवली. व्होल्टेज कमी केलं की धूर येत नाही, म्हणून तसंच ठेवलं."

"भावोजी, गप्प बसा!" क्लार्क माझ्यावर उसळला. "साहेब, मी घरी जायला तयार होतो ना? माझ्यामागे कोण आहे? ताईचं कसं होणार आता? तुमचं काय जात होतं?"

मला त्याचा राग आला नाही. पण तपास अर्ध्यावर सोडणं माझ्या स्वभावात नाही. मी सुपरवायझरला खिसे रिकामे करायला सांगितलं. रुमाल, किल्ल्या आणि त्यांच्यासोबत एक नवीकोरी ई-सिगारेट निघाली. आगीनंतर घेतलेली. कॉइल तशीच, अगदी कमी ओहमची. व्होल्टेजची चकती पुन्हा वरच्या आकड्याला.

ती मी क्लार्कच्या हातात दिली. "वाच आकडा. तू विमानात बसला असतास आणि ही तुझ्या ताईच्या उशाशी चार्जिंगला लागली असती, बाळाच्या शेजारी."

त्याने आकडा वाचला. मग ती भावोजींना परत न देता माझ्या टेबलावर ठेवली.

सुपरवायझरची नोकरी गेली. बाळंतपण होईपर्यंत मुदत द्या म्हणून मी मॅनेजरशी भांडलो आणि ती मिळवली. गुन्हा नाकारणाऱ्याला आम्ही शंभर प्रश्न विचारतो. कबूल करणाऱ्यालाही तितकेच विचारले पाहिजेत, हे मला या प्रकरणाने शिकवलं. दुसऱ्यासाठी स्वतःला संपवायला निघालेला माणूस बहुधा त्या दुसऱ्यालाही वाचवत नसतो.

ताई आणि भावोजी बाळाला घेऊन चिपळूणला निघाले, तेव्हा क्लार्क मला विमानतळावर भेटला. त्याने बाळ माझ्या हातात दिलं आणि भावोजींचे खिसे तपासायला गेला.