उंदरानं कातरलेलं लुगडं

आमच्या घरात उंदीर नाही. कधी नव्हताही. एवढं साधं वाक्य उच्चारायला मला बऱ्याच दिवाळ्या लागल्या.

त्या वर्षी समोरच्यांनी बाजारातून रंग बदलणारा कंदील आणला. मला काय अवदसा आठवली देव जाणे, मी जाहीर केलं, "यंदा घर मी सजवणार. कंदील घरीच बनवायचा!"

"मागच्या वेळी तुमच्या कंदिलानं पडदा जळला होता नं?" बायको, सुनंदा, म्हणाली.

"तो बल्बचा दोष होता!"

कंदील उभा राहिला. (जरासा सक्करदऱ्याच्या तलावाकडे झुकलेला, पण उभा.) शेपट्यांपर्यंत येता येता मात्र कागद संपला. बाजारात पाय ठेवायला जागा नाही. मी कपाट उघडलं. एका जुन्या धोतरात गुंडाळलेलं जांभळं कापड सापडलं. जुनं दिसतंय, म्हणजे बिनकामाचं! विणकराच्या घरात जन्मलेल्या माणसाचा हा विचार, बरं का. माग विकून जमाना झाला, मी विम्याच्या ऑफिसात चिकटलो, तरी बाबांची मागावरची कैची आई दर दसऱ्याला तेल-कुंकू लावून पुजते. तीच कैची देवघरातून उचलली, हातभर कापड कापलं आणि झकास शेपट्या केल्या. उलटी बाजू वर, दोन्ही कडांना चमकी. गल्लीतले लोक थांबून बघायला लागले!

धनतेरसला आईनं ते गाठोडं उन्हात घालायला सोडलं.

"अवं माय!"

ते आईचं लुगडं होतं. उमरेडच्या मामानं आपला माग विकण्याआधी त्यावर विणलेलं शेवटचं. आई ते वर्षातून एकदाच नेसायची, भाऊबीजेला, मामा येई तेव्हा. आणि मी नेमका पदर कापला होता.

"सुनंदा! डांबरगोळ्या टाकल्या नव्हत्या का वं?"

"टाकल्या होत्या, आई!"

"मंग हे कोणं केलं?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. खरं बोलायची वेळ ती हीच. मी तोंड उघडलं आणि आतून निघालं, "उंदीर असंल."

"इतका सरळ कापते गा उंदीर?"

"शहरातले उंदीर हुशार असतात!"

झालं! उंदीर जन्माला आला. (वजन शहात्तर किलो, चष्मा लावणारा.) सुनंदानं ऐन दिवाळीत सगळं कपाट उपसलं. शेजाऱ्यांकडून पिंजरा आणला, त्यात रोज भज्याचा तुकडा लावला. दाराआड गोंदाचा पुठ्ठा ठेवला. नरकचतुर्दशीला पहाटे, अंगभर उटणं चोपडून मी न्हाणीकडे निघालो आणि पाय थेट पुठ्ठ्यावर! पुठ्ठा निघेना. एका पायावर उड्या मारताना दुसरा पाय पिंजऱ्यावर. खाडकन दार पडलं.

"सापडला वाटते!" सुनंदा आतून ओरडली.

"हो," आई शांतपणे म्हणाली. "आवाज तर मोठ्या उंदराचा आला."

भाऊबीजेला मामा आला. आई तेच लुगडं नेसली होती, बिनपदराचं, टोक कसंबसं खांद्यावर ओढून.

"ताई, पदर कुठं गेला वं ह्याचा?"

"उंदरानं नेला," आई म्हणाली आणि वर कंदिलाकडे पाहिलं. मामानंही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "भाचेबुवा, कंदील मस्त झाला गा!"

तेवढ्यात सुनंदा खाली मान घालून म्हणाली, "मामाजी, चूक माझीच झाली. माझं कपाटाकडं लक्ष नव्हतं."

मी चकली खात होतो. ती घशात अडकली. पाण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात पळालो, तर आई मागोमाग आली. तिनं लुगड्याचं कापलेलं टोक माझ्या नाकासमोर धरलं. त्यावर तेलकट कुंकवाची लाल रेघ होती, कैचीच्या पात्याएवढी.

"उंदराले दसऱ्याची कैची कोणं देल्ली गा?"

"तुले कधी समजलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मंग बोलली काहून नाही?"

"तू बोलतं का नाही, ते पाहून राहिली होती." तिनं ते टोक कमरेला खोचलं. "लुगड्याचं जाऊ दे. ल्यालेलं कापड आज ना उद्या फाटतेच. तिले सांग. उगीच रडून राहिली बिचारी."

"आजच सांगतो," मी म्हणालो.

अजून सांगतोच आहे. दर दिवाळीला सुनंदा तो पिंजरा काढते, भजं लावते आणि कपाटाखाली सरकवते. आई माझ्याकडे बघते. मी कंदिलाकडे बघतो. (आता विकतचा आणतो.)

तर सुनंदा, डांबरगोळ्या तू टाकल्या होत्यास. मी पाहिल्या होत्या. कैची चालवताना त्यातली एक माझ्याच पायावर पडली होती. तो पिंजरा आता शेजाऱ्यांना परत दे. माझ्या मापाचा नाही तो.