रुखवतातल्या काशाच्या वाट्या

परवा ताईनं तळपाय चोळून द्यायला सांगितलं आणि तूप लावलेली काशाची वाटी माझ्या हातात दिली. वाटीचा काठ बांगडीवर आपटला आणि मी दचकले. तो आमचा वरचा सा होता. त्या एका वाटीत पाणी घालावंच लागत नसे.

सत्तरच्या दशकात आम्ही पंचवटीत राहायचो. समोरच्या देवळात भजनाची पेटी सुरू झाली की मी आईच्या काशाच्या वाट्या ओट्यावर मांडायची आणि पेटीचा सूर जुळेपर्यंत चमच्यानं पाणी कमीजास्त करायची. मग ताई विणायच्या सुयांनी वाजवायची. तिचा हात हलका होता, पण कान माझा होता.

तिच्या लग्नात त्या वाट्या रुखवतात मांडल्या. पुढ्यात चिठ्ठी होती, ‘वधूची कला’. तिच्या सासूबाईंनी वाजवायला लावलं. सगळे जमेपर्यंत मी घाईघाईनं पाणी ओतून सूर लावले, ताईनं वाजवलं, मांडव खूश झाला.

“सूर कुणी गं लावले इतके छान?” सासूबाईंनी विचारलं.

“मीच,” ताई म्हणाली. मी तांब्या धरून तिच्या शेजारीच उभी होते.

वाट्या तिच्याबरोबर सासरी गेल्या. नंतर देवळातली पेटी सुरू झाली की मी खिडकी लावून घ्यायची.

“ऐकलास आवाज?” परवा ताई कौतुकानं म्हणाली. “जलतरंग वाजवायचे मी यांच्यावर. तू लहान होतीस, तुला कुठलं आठवायला!”

मी वाटीला पुन्हा तूप लावलं आणि तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.