कचरा आला, चा झाला

पौषातली थंडी. घाटातून वर चढलेलं धुकं गावात शिरलं की समोरच्या ओट्यावर माणूस बसलाय की गाठोडं ठेवलंय, ते कळत नाही. अशा सकाळी सहदेव पालिकेच्या आवारात येतो, फडक्यानं गाडीची काच पुसतो, टायरवर एक लाथ हाणून पाहतो आणि चावी फिरवताना म्हणतो, "चाल माय." मग कचरागाडी आमच्या गल्लीकडे वळते.

ही गाडी कैक वर्षं डिझेलवर चालायची. थंडीत तिला चालू करायला मागून चार माणसं लागत. पण एकदा पेटली की अशी खोकायची की पोरं अंथरुणात उठून बसत. तिचा भोंगा बिघडून जमाना झाला. 'नवा मागवला आहे' हे आम्ही ऐकत आलो, पण भोंगा हवा होता कुणाला? खडखड ऐकू आली की एखादी बाई आतून ओरडे, "कचरा आला वोऽ!" आणि घराघरातून बादल्या बाहेर पडत.

दिवाळीनंतर पालिकेनं ठरवलं, सगळ्या कचरागाड्या सीएनजीवर करायच्या. आधी एक चालवून पाहू, जमली तर बाकीच्या. ती एक म्हणजे सहदेवची. गॅरेजमधून गाडी परत आली तेव्हा धूर गेला होता, वास गेला होता. सहदेवची बायको चांगुणा शर्ट धुवायला घेताना म्हणाली, "पयल्यांदाच तुमच्या शर्टाले माणसाचा वास येऊन राह्यला."

पण धुरासोबत गाडीची वाचाही गेली. मांजरासारखी यायची, मांजरासारखी जायची. हॉर्न वाजवला तर लोकांना वाटे, रस्ता मागतोय. ते बाजूला सरत, बादली काही आणत नसत. सहदेवचा मदतनीस पुंजाजी हाक मारू शकला असता, पण त्याच्या गालात पहाटेपासून तंबाखू-सुपारीचा खर्रा. तो फक्त मान हलवायचा.

त्यात एक भलतंच झालं. 'सहदेवची गाडी आता गॅसची' ही बातमी गल्लीभर फिरली. एका सकाळी अन्नपूर्णाबाई रिकामं सिलिंडर घरंगळवत घेऊन दारात उभ्या.

"हे रिकामं घे बाबू, भरेल दे."

"आजी, हे कचऱ्याची गाडी हाय."

"मंग लोक गॅसची काऊन म्हनतात?"

सहदेवनं सिलिंडर उचलून त्यांच्या घरात ठेवून दिलं.

इकडे पालिकेत फोनवर फोन. गाडी येतच नाही म्हणे! स्वच्छतेचं काम पाहणाऱ्या रेवती मॅडमनी सहदेवला बोलावलं. "सहदेवभाऊ, तुम्ही रोज जाता हे मला माहीत आहे. पण लोक नाही म्हणतात. सोमवारपर्यंत तक्रारी थांबल्या नाहीत, तर ती गल्ली दुसऱ्या डिझेलच्या गाडीला द्यावी लागेल. ही गाडी डेपोवर जाईल, आणि तिच्यासोबत तुम्हीही."

डेपो म्हणजे गावाबाहेरचा, कचरा टाकायचा माळ. तिथं घारी आणि कुत्री. सहदेव बोलायला कमी, पण माणसांचा भुकेला. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचं पोरगं आजारी आहे, हे बादलीवरून ओळखायचा आणि नुसत्या भुवया उडवून विचारायचा, बरं हाय ना? माळावर तो भुवया कुणाकडे पाहून उडवणार?

त्या संध्याकाळी तो जेवेना. चांगुणा धाड गावच्या बाजारात भाजी विकून नुकती जीपनं आली होती. त्याचं सगळं ऐकून ती म्हणाली,

"वरडा ना मंग! बजारात मी मुकी बसली असती तं वांगे इकले असते काय?"

"तू वांगे म्हनतं. मी काय म्हनू?"

"जे हाय ते म्हना. कचरा म्हना."

"ड्रायवर हाओ मी."

"ड्रायवरले गळा नसते काय?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन घरांपुढे त्याच्या तोंडून नुसती हवा निघाली. तिसरं घर शंकररावांचं, तहसीलमधून रिटायर झालेल्या कारकुनांचं. सहदेवनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा दम लावला.

"शंकररावऽ कचराऽ!"

धुक्यात ती हाक मारुतीच्या पारापर्यंत गेली. गल्लीतले सगळे दरवाजे उघडले. शंकरराव मफलर गुंडाळत, तोंडात ब्रश तसाच धरून बाहेर आले.

"मले कचरा म्हनतं बे? अख्ख्या गल्लीसमोर?"

सहदेव घाईनं खाली उतरला. "तुमाले नाई जी. तुमच्या बादलीले म्हनलं."

"नाव तं माह्यं घेतलं!"

सहदेव जरा घुटमळला. मग अगदी साधेपणानं बोलला, "तुमी बी रोज म्हनता ना जी, 'कचरा आला'. गाडीत तं मीच राह्यतो. म्या कधी राग धरला काय?"

अचानक पुंजाजीनं नालीत खर्रा थुंकला आणि तो खदाखदा हसत सुटला. मग बायका हसल्या, पोरं हसली. शंकररावांनी राग धरून ठेवायचा बराच प्रयत्न केला, पण तोंडात फेस होता. हसू फुटल्यावर तो मफलरभर झाला.

"बरं, मंग आमी काय म्हनावं?" शंकररावांनी विचारलं.

"सहदेव म्हना. पुंजाजी म्हना."

"अन् तू आमाले?"

सहदेव डोकं खाजवू लागला. तेव्हा पायरीवरून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "चा झाला काय, इचार ना बाबू. सकाळी माणूस माणसाले तेच इचारते."

तेव्हापासून आमच्या गल्लीत हाक येते, "अन्नपूर्णाबाई, झाला काय चाऽ?" आतून उत्तर जातं, "झालाऽ!" आणि पाठोपाठ बादली येते. नव्यानं राहायला आलेल्या एका बाईंना वाटलं, हा चहा मागतोय. त्यांनी कप भरून आणून दिला. सहदेव तोही प्यायला. नाही म्हणणं त्याला बरं वाटलं नाही.

सोमवारी रेवती मॅडमना आमच्या गल्लीतून एकच फोन गेला, शंकररावांचा. "भोंगा मागवला असंन तं रद्द करा," एवढंच बोलून त्यांनी ठेवला. पुढच्या आठवड्यात पालिकेची दुसरी गाडी सीएनजी बसवायला गॅरेजला गेली. तिच्या ड्रायव्हरनं सहदेवला गाठून विचारलं, "मी कसा वरडू बे?" सहदेव म्हणाला, "तुह्या गल्लीले इचार."

दुपारी गाडी रिकामी करून तो आवारातल्या नळावर आणतो, बाह्या सारतो आणि मागचा फाळका धुवायला घेतो. फाळक्याच्या फटीत चहाचा चोथा हमखास अडकलेला असतो. सहदेव झाडूची एक काडी मोडून घेतो आणि तो कोरत बसतो.