शेजारची सीट

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. म्हणजे नव्हता. आमच्या ऑफिसात कोणी भुताखेताचं काही सांगायला लागलं की मी हळूच डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे. तेव्हा हे वाचून कोणी हसलं तर मला राग येणार नाही... मीही हसलेच असते.

मी मूळची यवतमाळची. सदाशिव पेठेत कॉटबेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते. सारखं अपयश येत होतं. शेवटी त्या दिवाळीत सामान बांधलं. परत यायचंच नाही, असं ठरवून.

शिवाजीनगरचा एसटी स्टँड तेव्हा जुन्या जागी होता. दिवाळीची गर्दी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. गाडी लागताच खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, मग दारातून लोटालोटी करत आत शिरायचं आणि आपली जागा घ्यायची. मीही टाकला. आईने भरलेला रुमाल होता, कोपऱ्यात निळं फूल. निळा दोरा संपला म्हणून तिने एक पाकळी हिरवी केली होती.

आत गेले तर खिडकीशी एक बाई बसलेल्या. पन्नाशीच्या असतील. डोळे सुजलेले, मला वाटलं जागरण झालं असेल. शेजारची सीट रिकामी आणि माझा रुमाल त्यांच्या हातात.

"काकू, तो माझा रुमाल आहे."

"रुमाल तुझाच गं. पण ही जागा धरलेली आहे."

मी भांडले. कंडक्टर म्हणाला, "त्यांचं दोन सीटचं रिझर्वेशन आहे, ताई. रिझर्वेशनपुढे रुमाल चालत नाही. इतक्या लांब उभं राहून जाणार का? मागून जादा गाडी आहे, उतरा."

मी उतरायला वळले तेव्हा त्या बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुला अजून वेळ आहे."

गाडी सुटली. सुटेपर्यंत ती सीट रिकामीच होती आणि माझा रुमालही गेला! मी बाकावर बसून चक्क रडायला लागले. रुमालही नव्हता डोळे पुसायला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगा होता, मावशीला गाडीत बसवून द्यायला आलेला. त्याने स्वतःचा रुमाल पुढे केला आणि म्हणाला, "सावकाश चालू द्या. जादा गाडी म्हणजे अजून दोन तास तरी येत नाही."

अस्सल कसबा पेठ! तो सुहास.

ती जादा गाडी आली तोवर मी अजून एकदा परीक्षा द्यायचं कबूल केलं होतं. पास झाले, नोकरी लागली, आणि त्याच्याशी लग्न करून कसब्यात आले. मूल झालं नाही, पण आम्हा दोघांना आम्ही पुरलो. कुठेही जायचं तर तिकिटं मी काढायची, नेहमी शेजारशेजारच्या दोन सीट. कोणी विचारलं की सुहास सांगायचा, "हिला यवतमाळला जायचं होतं, चुकून कसब्यात उतरली." आणि वर म्हणायचा, "त्या काकू भेटल्या पाहिजेत एकदा. थँक्यू राहिलंय."

गेल्या वर्षी त्याचं लिव्हर गेलं. सगळं भराभर झालं. सदाशिव पेठेतल्याच एका हॉस्पिटलात होता, माझी जुनी खोली होती त्याच्या मागच्या गल्लीत. एका दुपारी मी चहा प्यायला खाली गेले. परत आले तर तो हसत होता, कितीतरी दिवसांनी.

"अगं, काकू येऊन गेल्या. थँक्यू म्हटलं एकदाचं."

"कोण काकू?"

"तुझ्या गाडीतल्या. म्हणाल्या, जागा धरून ठेवलीये. मी म्हटलं, शेजारची हिला ठेवा ना. तर म्हणाल्या, तिला अजून वेळ आहे."

औषधांची गुंगी असेल, असंच मला वाटलं. पण माझ्या खुर्चीवर घडी घातलेला रुमाल होता. निळं फूल, एक पाकळी हिरवी.

मी धावत बाहेर गेले. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, ही भेटायची वेळ नाही. आम्ही कोणालाच आत सोडलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहास गेला. माझा हात त्याच्या हातात होता, त्याचा काय उपयोग झाला? काही नाही.

आईने तो रुमाल उलटसुलट करून बघितला आणि एवढंच म्हणाली, "हा त माह्याच हातचा टाका हाय व."

आता या दिवाळीचं. आईकडे जायला निघाले. स्टँड आता वाकडेवाडीला हलवलाय, तिथे गाडीत चढून खिडकीशी बसले, मोबाइलवर तिकीट उघडलं आणि बघतच राहिले. मी सवयीने दोन सीट काढल्या होत्या. एक माझी, एक सुहासची. तिथेच रडू फुटलं. इतकं रडले की डोळे उघडेनात.

तेवढ्यात खिडकीतून एक रुमाल येऊन शेजारच्या सीटवर पडला. पिवळा, चौकडीचा. मी तो नकळत हातात घेतला. मागोमाग एक मुलगी धापा टाकत आली, पाठीवर भलीमोठी सॅक.

"काकू, तो माझा रुमाल आहे."

सीट रिकामी होती. 'बस बाळा' एवढंच म्हणायचं होतं मला. खरंच, तेच म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

"ही जागा धरलेली आहे," मी म्हणाले. "तुला अजून वेळ आहे."

आवाज माझाच होता. ती पुटपुटत, रागारागाने उतरली. गाडी हलली तेव्हा ती फलाटावर डोळे पुसत उभी होती, आणि बाकावरचं कोणीतरी आपली बॅग उचलून तिला जागा करून देत होतं. मी काच सरकवून ओरडले, "अगं, तुझा रुमाल!" तिला ऐकू गेलं नाही.

याचा अर्थ मला विचारू नका. मला तो लागलेला नाही. देवाजवळ एवढंच मागते की त्या दोघांना आमच्यापेक्षा खूप जास्त वर्षं मिळोत.

पिवळा रुमाल धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलाय, सुहासच्या शर्टांजवळ. तो परत करायला मला कधी, कोणाच्या उशाशी जावं लागेल, या विचाराने ते कपाट उघडवत नाही.