हातांवर बसलेली सिस्टर

सोमवार, ३ जुलै. सकाळपासून ढगाळ. गॅसचा सिलिंडर आला. पायाची जखम मागच्या आठवड्यापेक्षा लहान. सिस्टर इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नापास. जेवली नाही.

सिस्टर म्हणजे माझ्या मागच्या खोलीत सहा वर्षे राहणारी, सरकारी इस्पितळातली नर्स. परदेशी इस्पितळात नोकरी मिळवायची तर ही परीक्षा पास करावी लागते. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते, पोस्टमनसुद्धा. मधुमेहामुळे माझ्या पायाची जखम चिघळत राहिली होती. ड्यूटीवरून आली की ती आधी माझ्या पायाकडे बघायची, मग माझ्याकडे.

नापास का झाली, ते तिने दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना सांगितले. परीक्षक खोटाखोटा रुग्ण होतो आणि नर्सने त्याच्याशी पाच मिनिटे बोलायचे असते. तो म्हणाला, पाय दुखतोय. ही उठली, खाली बसली, त्याचा मोजा खाली केला, घोटा दाबून पाहिला आणि पाय उचलून दुसऱ्या खुर्चीवर ठेवला.

"आणि बोललीस काय?"

"काही नाही. पाय बघताना कोण बोलतं, काकू?"

"अगं, तो नाटक करत होता!"

"नाटक कसलं? चांगली सूज होती. बोट दाबलं तर खड्डा पडला. किडनी तपासून घ्या म्हणणार होते, पण इंग्रजी आठवेना."

मी इतकी हसले की पट्टी सुटली. तिने पुन्हा बांधली, तीही न बोलता.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तिथल्या मदरने आम्हाला इंग्रजी घोटून घोटून शिकवले होते. मी म्हटले, रोज सहा वाजता मी रुग्ण आणि तू नर्स. कजाग म्हातारी व्हायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. पण मी नुसते कण्हले तरी हिचे हात माझ्या उशीकडे जायचे, नाडीकडे जायचे, आणि तोंड बंद. शेवटी मी फर्मान काढले, "हातांवर बस!" तळहात मांडीखाली दाबून ती खुर्चीत बसू लागली. पहिल्या दिवशी तिच्या कपाळावर घाम आला. बत्तीस खाटांचा वॉर्ड एकटीने सांभाळणारी बाई!

"जायचंच का गं तुला?" मी एकदा विचारले.

"तिथं म्हणे एका सिस्टरला सहाच पेशंट. सहा, काकू! इथं खाट नंबर अकरा, खाट नंबर वीस. सहाच असले तर नावं लक्षात राहतील."

तिच्या वॉर्डातल्या तिघी आधीच गेल्या होत्या. मेट्रन तिला म्हणाल्या होत्या, "जा बाई. अर्जावर सही करते, पण त्या वेळी माझ्या तोंडाकडे बघू नकोस."

ऑगस्टमध्ये ती भराभर बोलू लागली. आता ही खरंच जाणार, हे मला दिसू लागले. माझ्या डायरीत सतरा तारखेच्या नोंदीत आहे: "आज तिच्या तीन चुका ऐकल्या आणि सुधारल्या नाहीत." ते लिहिले आणि माझीच मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सहा वाजायच्या आत तिला सांगून टाकले.

ती कापूस फाडत होती. "कळलं होतं मला. तुम्ही आणि चूक सोडाल? म्हटलं, पाय ठणकत असेल."

"पाय नव्हता ठणकत."

"बरं," ती म्हणाली. "मग आता त्या तीन चुका सांगा." आणि आपणहून हातांवर बसली.

त्या दिवशी मी तिला आठ वाजेपर्यंत सोडले नाही. मी ओरडले, औषध भिरकावले, तुझ्यापेक्षा आधीची नर्स बरी होती म्हटले. ती शांतपणे इंग्रजीत समजूत घालत राहिली. शेवटी म्हणाली, "काकू, असा पेशंट तिथं भेटला तर मी परत येईन हं."

सप्टेंबरात ती पास झाली. या खेपेचा परीक्षक दम्याचा रुग्ण झाला होता. "खोकला खोटा होता. मला लगेच कळलं. मग बोलणं सोपं गेलं," ती म्हणाली.

आज सकाळी दहाला टॅक्सी आली. निघताना तिने माझा पाय शेवटचा पाहिला. "उद्यापासून ड्रेसिंगला माझ्या वॉर्डातली नवी मुलगी येईल. हात हलका आहे, पण गार असतो. आधी चोळून घ्यायला सांगा. आणि तिच्यावर ओरडू नका. ती खरंच रडते."

"नाव काय तिचं?"

ती टॅक्सीपाशी थांबली, जरा ओशाळली. "विचारायचं राहिलंच, काकू. आम्ही सगळे तिला नवीन सिस्टरच म्हणतो."

"मी विचारते," मी म्हटले. "मला एकच नर्स आहे."

सोमवार, ११ डिसेंबर. सिस्टर गेली. ऊन चांगले होते. मागच्या खोलीतली गादी गच्चीवर टाकली, चारला आत घेतली. खिडकीची कडी घट्ट झाली आहे, तेल घालायला हवे.