शेवटच्या तासाची हजेरी

महोदय,

आपल्या स्तंभातील अमानवीय अनुभवांविरुद्ध मी आजवर तीन निषेधपत्रे धाडली. पुराव्यावाचून काहीही छापणे हा वाचकांवर अन्याय आहे, हे माझे मत आजही कायम आहे. हे चौथे पत्र मात्र माझ्याच विरुद्ध जाते.

साल १९६१. अमरावती, बी.ए.चे अंतिम वर्ष, विषय अर्थशास्त्र. माझा खोलीमित्र सुखदेव अकोटचा. वडील जिनिंगमध्ये मजूर. छप्पन्न साली बौद्ध झालेल्या त्या घरातला तो पहिलाच कॉलेजात आलेला. प्राध्यापक नंबर पुकारत, आम्ही ‘येस सर’ म्हणत असू. हा हट्टाने ‘हाव जी’ म्हणे. वर्ग हसे.

जानेवारीत त्याला विषमज्वर झाला. अकोल्याच्या इस्पितळात पडला. हजेरीत एक तास कमी भरत होता, म्हणजे परीक्षेला बंदी. मी प्राचार्यांना दोन अर्ज केले. उत्तर आले — नियम म्हणजे नियम. माझा संताप झाला... पण नियम मलाही मान्य होता, ही माझी खोड.

सत्राचा एकच तास उरला असताना मी त्याला भेटायला गेलो.

“माह्या नंबरावर तू बोलून दे ना राजा.”

“ती फसवणूक ठरते, सुखदेव.”

“वकील झाल्यावर शिकवजो कायदा. आता तं दोस्त हायेस ना बे?”

मी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला सार्वजनिक वित्ताचा तास होता. सरांनी सुखदेवचा नंबर, एकोणतीस, पुकारला. माझे तोंड उघडेना — भीतीने नव्हे, तत्त्वाने. आणि शेजारच्या रिकाम्या जागेवरून, स्वच्छ आवाजात... “हाव जी.”

कोणी हसले नाही. सरांनी मान वर न करता हजेरीपटावर खूण केली.

संध्याकाळी तार आली. सुखदेव त्या सकाळी दहाच्या आधीच गेला होता.

वर्गातल्या प्रत्येकाचा मी लेखी जबाब घेतला. आपण ‘हाव जी’ म्हटल्याचे सर्वांनी नाकारले. ते कागद आजही माझ्यापाशी आहेत.

चार दिवसांनी त्याचे वडील पेटी न्यायला आले. परीक्षेस पात्र विद्यार्थ्यांची यादी फलकावर लागली होती.

“नाव लागलं ना बाबू त्याचं?”

“लागलं.”

“सांगून गेला तो. माहा दोस्त बोलते म्हणे माह्यासाठी.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू बोलला.”

मी मान हलवली.

त्या जबाबांत माझा जबाब नाही, महोदय. तो आज देतो. मी बोललो नव्हतो. कोण बोलले, हे मला ठाऊक नाही.